शेवंतीच्या पोटातली गाठ

मुरुम, ३ नोव्हेंबर

इरम्मा,

मायना घालत नाही. उभी नोकरी पोरांना पत्रलेखन शिकवण्यात गेली, मायना नसला तर मी गुण कापायची. पण तुला 'सप्रेम नमस्कार' लिहायला हात वळेना, आणि 'अनेक आशीर्वाद' लिहिले तर तू म्हणशील, वहिनी विरघळल्या. तेव्हा नुसतं इरम्मा.

तुला फोन करणार नाही असं मी आषाढात म्हणाले होते. ते अजून तसंच आहे. पत्र लिहिणार नाही असं काही म्हणाले नव्हते.

कामाचं तेवढं लिहिते. तुझी मांजर आजारी आहे.

दिवाळीच्या आधीपासनं खात नाही. दूधभाकरी समोर ठेवली की वास घेते आणि तोंड फिरवते. अधूनमधून ओकते, त्यात पांढरट लोकरीसारखं काहीतरी असतं. पोटाचे केस चाटून चाटून गिळले असतील म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही. पण काल लक्ष्मीपूजनाची रांगोळी पुसताना ती अंगावरून गेली, तर पाठीचा कणा हाताला लागला. अंगात काही राहिलंच नाही गं तिच्या.

तू म्हणशील, वहिनींनी उपाशी मारली. तर मारली नाही. तू गेलीस त्या दिवसापासनं तिला दोन्ही वेळा ताजं दूध आहे. मी उमरग्याला लग्नाला गेले, परत येऊन बघते तर तुझी खोली झाडलेली, ट्रंक गायब, आणि ओट्यावर ही बसलेली. तुझा लेक विरूपाक्ष गाडी घेऊन आला आणि तू बसलीस आणि पुण्याला गेलीस! इतकी वर्षं आपण एका ओट्यावर भाकरी थापल्या. भाऊजी गेल्यावर तू माहेरी आलीस तेव्हा माझं लग्न नवंच होतं, तेव्हापासनं. सांगून गेली असतीस तर दशम्या बांधून दिल्या असत्या. अडवलं थोडंच असतं?

असो. त्यावर लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

तुझ्या अण्णांचं नेहमीप्रमाणं, "मांजर हाय, हुईल बरी." दुकानातून रोज दुपारी जेवायला येतात ते आता तासभर आधी येतात आणि आधी तिच्यापाशी जाऊन बसतात. मला विचारतात, आज काय खाल्लं का. माझ्या जेवणाचं लग्नापासनं एवढं कधी विचारलं नाही.

कळवायचं काम होतं, कळवलं.

राजेश्वरी

मुरुम, ८ नोव्हेंबर

इरम्मा,

तुझं उत्तर नाही. टपालाला वेळ लागतो हे मला कळतं. तरी पोस्टमन समोरून गेला की मी दारात असते.

परवा तिला इथल्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं सगळ्या म्हशी, गाई, एक शेळी, आणि मधे मी, बास्केटमधे मांजर घेऊन. एक शेतकरी म्हणाला, "बाई, हिला काय दाखवायचं? उंदीर धरत न्हाय का?" मी म्हटलं, तुमचं दाखवून झालं असेल तर सरका. डॉक्टर भला माणूस. त्यानं पोट चाचपलं, पुन्हा चाचपलं, आणि त्याचा चेहरा बदलला. मला म्हणाला, "मॅडम, पोटात गाठ लागतेय. माझं काम गाई-म्हशींचं. तुम्ही हिला सोलापूरला न्या, तिथं कुत्र्या-मांजरांचा दवाखाना आहे. पण न्याच."

गाठ म्हटल्यावर मला आधी आई आठवली. आईला गाठच होती, तुला माहीत आहे. तू माझ्या माहेरी तेरला येऊन महिनाभर तिचं केलंस, ते मी विसरले नाही. भांडले म्हणून विसरले असं समजू नकोस.

घरी आणली तर ती सरळ देवघरापाशी जाऊन बसली. हल्ली तिचा मुक्काम तिथंच. कार्तिकाचे दिवे मी कोजागरीपासनंच धरते, तिन्हीसांजेला महादेवाच्या देवळात आणि घरात लावते. दुपारभर फुलवाती वळत बसते, तूप पातळ करून त्यात भिजवते आणि वाटी थिजायला देवघराच्या पाटावर ठेवते. मी वाती वळते आणि ही समोर बसून टक लावून बघते. हलत नाही. शेजारच्या बायका बघायला येतात. म्हणतात, गेल्या जन्मीची कुणी शिवशरणी असणार, जाताजाता देवाला सोडवेना. मला भरून येतं. आपल्याला नाही जमली एवढी भक्ती.

मी नवस बोललेय. शेवंती उठू दे, कार्तिकभर दुप्पट दिवे लावीन. बोलले तसं कालपासनं सुरूही केलं, म्हटलं देवाला उधारी नको. पण वाती पुरत नाहीत. तुझे अण्णा एका निरांजनात दोन-दोन घालतात की काय कुणास ठाऊक, विचारलं तर म्हणतात, "म्या हात बी लावला न्हाय."

आणखी एक. माझं ती ऐकत नाही. शेवंती ये, शेवंती इकडं, सगळं सांगून झालं, कान हलवत नाही. तू तिच्याशी कानडीत बोलायचीस. माझं कानडी तुला ठाऊक आहे, ऐकून लोक हसतात. पण आज कुणी नाही बघून मी तुझ्यासारखं "बा, बारव्वा" म्हटलं. तर उठून आली! मांडीवर चढली आणि झोपली. पाय बधिर झाले तरी मी हलले नाही.

सोलापूरला न्यायची की नाही ते यांच्याशी बोलून ठरवते. शेजारचा सिद्धाराम गाडी देतो म्हणालाय.

वहिनी

मुरुम, १२ नोव्हेंबर

इरम्मा,

हे पत्र नीट वाच. मागची वाचली नसलीस तरी चालेल.

काल सोलापूरला जाऊन आलो. सिद्धारामनं गाडी चालवली, हे पुढं, मी मागं शेवंतीला घेऊन. नळदुर्गपर्यंत ओरडली, पुढं आवाजच केला नाही, तेव्हा मला जास्त भीती वाटली. डॉक्टर एक तरुण मुलगी आहे, शिवांजली नाव. बोलते मऊ, पण काही लपवत नाही. असं माणूस मला बरं वाटतं.

सोनोग्राफी केली. पोटात चांगली लिंबाएवढी गाठ आहे. मी विचारलं, कॅन्सर का? ती म्हणाली, "असू शकतो. या वयाच्या मांजरात तीच शंका आधी येते. दुसरंही काही असू शकतं. पोट उघडल्याशिवाय मला छातीठोक सांगता येणार नाही." मग म्हणाली, दोन वाटा आहेत. एक, ऑपरेशन. पण अंगात रक्त कमी, भूल सोसेलच असं नाही, टेबलावरच जाऊ शकते. दुसरी, काही चिरायचं नाही. दुखू नये म्हणून औषधं, सलाइन, आणि घरी तिच्या जागेवर सुखानं जितके दिवस जातील तितके. फार नसतील. या आठवड्यात ठरवा म्हणाली. तोवर सलाइन आपल्या इथले डॉक्टर देतील.

मी म्हटलं, तुमची असती तर काय केलं असतंत? ती म्हणाली, "आजी, हे मला सगळे विचारतात. माझी नाहीये ना. तिची मालकीण कोण, तुम्हीच ना?"

यांनी मधेच सांगितलं, "माझ्या भैनीची हाय."

तेव्हा आता तू सांग. तू हिला आणलीस. पावसात भिजलेलं पिल्लू पदरात गुंडाळून आणलंस आणि मी म्हटलं होतं घरात नको, आठवतं? पिवळी बघून नावसुद्धा तूच ठेवलंस. हिच्यावर सुरी चालवायची की नाही ते मी कोण ठरवणार?

तुझ्या अण्णांचं मत चिरायचं नाही. काल गाडीत सगळा रस्ता तेच. "मुक्या जनावराचं पोट फाडून काय मिळवायचं? तिला काय म्हनायचं, तुझ्या भल्यासाठी फाडलं? सुखानं जाऊ दे की." सिद्धाराम म्हणाला, काका बरोबर बोलतात. मी शेवंतीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बोलले असते तर गाडी थांबवावी लागली असती. यांना वाटतं मी हट्टी आहे म्हणून ऑपरेशनच्या बाजूची. मी कुठल्याच बाजूची नाही गं. मला एवढंच कळतं, नुसतं बसून बघत राहणं माझ्यानं होत नाही. आईच्या वेळी बसून बघितलं होतं.

हे पत्र स्पीड पोस्टानं टाकतेय. यांनी म्हटलं, फोन लावून देतो, बोल. मी म्हटलं, तिनं माझा आवाज ऐकून फोनच ठेवून दिला तर? त्यावर त्यांनी फोन परत खिशात घातला. म्हणजे त्यांनाही ती शंका आहे.

लवकर कळव. पत्र नको तर यांच्या फोनवर कळव.

वहिनी

मुरुम, १६ नोव्हेंबर

वा गं वा इरम्मा!

काल दुकानात फोन आला म्हणे तुझा. घरी नाही, दुकानात. मी नसेन अशा जागी. आणि निरोप काय, तर "वहिनींना सांगा, मांजर त्यांची हाय आता. त्यांनीच ठरवावं."

हे मला सांगताना तुझे अण्णा दाराच्या उंबऱ्यावरच उभे राहिले, आत यायची हिंमत होईना. माझ्या हातात लाटणं होतं.

माझी कधीपासनं झाली गं ती? मला न विचारता सोडून गेलीस तेव्हापासनं? चांगलं आहे. जिवाला घोर लागेल ते सगळं वहिनीच्या पदरात टाकायचं आणि आपण पुण्याला सोफ्यावर बसून निरोप धाडायचे. रागानं मी काल जेवले नाही. म्हणजे संध्याकाळी जेवले, दुपारी नाही.

राग उतरल्यावर हे म्हणाले, "ती रडत व्हती फोनवर. तुला सांगू नको म्हनली मला." मग का सांगितलंत, म्हटलं. तर म्हणाले, "तुमा दोघींचं लई झालं आता."

तू रडत होतीस. मग मी बसून विचार केला. सोफ्यावर बसून रडणं काही सोपं नाही. मी इथं निदान तिला उचलून घेऊ शकते.

विचार करता करता एक गोष्ट लक्षात आली, ती लिहूनच टाकते, कारण तोंडानं मला कधी सांगता येणार नाही. मला वाटत होतं मी शेवंतीसाठी घाबरलेय. घाबरलेच आहे. पण त्याच्याखाली आणखी एक भीती आहे. ही गेली तर तुला पत्र लिहायला मला काही कारणच उरणार नाही. तू तिकडं, मी इकडं, आणि सणावाराला विरूपाक्षाच्या बायकोच्या फोनवरून 'वहिनी बऱ्या आहेत ना' एवढं. मला हे नको आहे. हे लक्षात आल्यावर मी आणखी घाबरले, की मग मी ऑपरेशन म्हणते ते कुणासाठी? तिच्यासाठी की माझ्यासाठी? माझ्या कारणासाठी त्या मुक्या जिवाला टेबलावर घालायचं का?

म्हणून आज दिवसभर मी फक्त तिच्याकडं बघितलं. तुझा विचार बाजूला ठेवला, यांचा ठेवला, माझाही. सकाळी ती परसात गेली. जिन्याच्या तीन पायऱ्या चढताना दोनदा थांबली, पण चढली. उन्हात बसली. भिंतीवर चिमणी आली तर तिच्या शेपटीचं टोक हललं. मग चाटून चाटून पुढचे पाय साफ केले, एकेक बोट फाकवून. इरम्मा, जिला जायचं आहे ती कशाला एवढी तयार होईल?

मी यांना सांगितलं, करायचं ऑपरेशन. ते तिच्यापाशी जाऊन बसले. मग म्हणाले, "टेबलावर गेली तर मागनं म्हनू नको, म्या बोललो नव्हतो." मी म्हटलं, गेली तर दोघं मिळून रडू, पण करायचं. "बरं," म्हणाले, आणि सिद्धारामला फोन लावायला गेले.

परवा नेतोय. हे पत्र तुला पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तू विचारलं नाहीस तरी सांगते, मी ठरवलंय. बरंवाईट झालं तर माझ्यावर.

तुझी वहिनी

सोलापूर, १८ नोव्हेंबर

इरम्मा,

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय, अक्षराला हसू नकोस. शाळेतलं माझं वळण या बाकावर नाही यायचं.

आत नेली तिला. जाताना माझ्या पदरात तिची नखं अडकली होती, एकेक सोडवावी लागली. मी तिच्या कानात तुझ्यासारखं बारव्वा म्हटलं, मग लक्षात आलं की त्याचा अर्थ 'ये' होतो, आणि मी तर तिला पाठवत होते. 'जा' ला कानडीत काय म्हणतात ते आठवेना. बरंच झालं.

हे दुकान बंद ठेवून आलेत. दिवाळीच्या पाडव्याला सुद्धा दुकान उघडणारा माणूस! येतो म्हणाले नव्हते. सकाळी गाडीत येऊन बसले, कपाळावर तीन बोटं विभूती ओढून, आणि थोडी तिच्याही कपाळाला लावली. शिंकली ती.

शेजारी एक बाई कुत्रा घेऊन बसलीय. मला विचारते, किती वर्षांची तुमची? मी म्हटलं, तुमची म्हणजे? मग कळलं मांजराचं विचारतेय. नऊ, म्हटलं.

आता काही सुचत नाही. थांबते.

पुढचं लिहितेय.

इरम्मा, जिवंत आहे! आधी ते लिहिते. जिवंत आहे, भूल उतरतेय, जीभ बाहेर काढून झोपलीय.

आता ऐक. शिवांजली डॉक्टर बाहेर आली ती स्टीलचा ट्रे घेऊन. आमच्या दोघांचे चेहरे बघून पहिल्यांदा म्हणाली, "आजी, कॅन्सर नाही." माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. यांनी मला धरलं, मग त्यांनाच कुणीतरी धरावं लागलं. मग ती म्हणाली, "पण हे काय आहे ते मला कळेना. कापूस आहे, तुपकट आहे, आणि एकेकाला पीळ घातलाय. तुमच्या घरात असं काही असतं का?"

मी ट्रेमधे वाकून बघितलं. माझ्या फुलवाती!

गोळा झालेला, पिवळट, केसांत गुरफटलेला. पण वरचं टोक ज्या पद्धतीनं पिळलेलं होतं ती पद्धत माझी. माझ्या हातच्या वाती मी कुठंही ओळखीन. देवाच्या पाटावर मी तूप थिजायला ठेवायची, तुपाच्या वासानं ती समोर बसायची, आणि मी पाठ फिरवली की गट्टम. बायका म्हणतात शिवशरणी! मी नवस बोलले तर वाती दुप्पट केल्या. म्हणजे ती बरी व्हावी म्हणून मीच तिला दुप्पट चारत होते गं! पुरत नाहीत, पुरत नाहीत म्हणून यांच्यावर आळ घेत होते.

मी कपाळाला हात लावून बसले. हे मात्र हसायला लागले. आधी मिशीतल्या मिशीत, मग बाकावर हात आपटून. "देवाला लावतीस त्याच्या दुप्पट हिनं खाल्ल्या. पुण्य कुनाला लागायचं मग?" कुत्रेवाली बाई हसली, डॉक्टर हसली, मी रडत होते ती पण हसले. सिद्धाराम बाहेरून धावत आला, त्याला वाटलं मांजर गेली.

डॉक्टर म्हणाली, वेळेत आणलीत. आणखी दिवस गेले असते तर पोट फाटलं असतं. 'सुखानं जाऊ द्या' म्हणालो असतो तर सुखानं गेली नसती. हे ऐकून हे हसायचे थांबले, आणि पाणी प्यायला उठून गेले.

उद्या घरी सोडतील. आम्ही इथंच धर्मशाळेत राहतो.

वहिनी

मुरुम, २२ नोव्हेंबर

अगं कैदाशिणी!

काल फोन ठेवल्यापासनं आठवून आठवून हसतेय, आणि चिडतेयही. हे म्हणतात, आता बोलणं झालं तर पत्र कशाला? मी म्हटलं, बोलणं कुठं झालं, भांडण झालं. पत्रात मला मधे कुणी तोडत नाही.

तुला वाटलं असेल मी स्वयंपाकघरात आहे म्हणजे ऐकू येणार नाही. यांच्या कानाला कमी येतं म्हणून फोन कायम मोठ्यानं लावलेला असतो, विसरलीस. "अण्णा, फोन शेवंतीच्या कानाशी धरा," म्हणालीस. यांनी धरला. आधी कानडीत लाडीगोडी झाली. ती कुठं पडली होती, उठून बसली, फोन हुंगायला लागली. मला बरं वाटलं, म्हटलं बोलू दे. आणि मग तू काय म्हणालीस?

"पुन्हा तूप खाल्लंस व्हय गं चोरटे? किती डाव सांगितलं वहिनींच्या वातीला तोंड लावू नको म्हनून!"

पुन्हा!

मी हातातलं पीठ तसंच घेऊन आले आणि फोन हिसकावला. चार महिन्यांनी माझा पहिला शब्द तुला, "तुला ठाऊक होतं?" आणि तुझा पहिला शब्द मला, "व्हय."

म्हणजे दर कार्तिकात तू वाटीवर परात पालथी घालून वर वरवंटा ठेवायचीस तो मुंग्यांसाठी नव्हे! आणि मी तुला म्हणायची, केवढी देवभोळी आहेस, वातींनासुद्धा जपतेस. "सांगितलं असतं तर तुमी तिला घराभायेर घातली असती," म्हणालीस. घातलीच असती! देवाच्या वाती उष्ट्या करणारी मांजर त्या काळी मी ठेवली असती का? पण मग जाताना तरी सांगायचं!

"तुमी लग्नाला गेला व्हता!"

"लग्न दुपारी आटपलं! संध्याकाळपर्यंत थांबली असतीस!"

"थांबले असते तर तुमी जाऊ दिलं नसतं. आनि तुमाला बघून माझा पाय निघाला नसता. विरू दोन वरसं बोलवत व्हता, वहिनी."

त्यावर मी काही बोलले नाही. तूही बोलली नाहीस. यांनी माझ्या हातातून फोन घेऊन उलटा करून बघितला, बंद पडला की काय म्हणून. बंद नव्हता पडला. तू तिकडं नाक ओढत होतीस ते ऐकू येत होतं.

इतके दिवस मला वाटत होतं, तू मला सांगण्याच्या लायकीची समजली नाहीस. आणि खरं काय, तर माझ्यासमोर तुझ्यानं निघवलं नसतं. हे तू आषाढातच म्हणाली असतीस तर मी... तर मी तरीही भांडलेच असते. पण चार दिवस. चार महिने नाही.

शेवंतीचं सांगायचं राहिलं. डॉक्टरनं उकडलेलं अंडं द्या म्हणून सांगितलंय, ताकद येण्यासाठी. आपल्या घरात! मी म्हटलं, डाळीचं पाणी दिलं तर? ती म्हणाली, "आजी, ती मांजर आहे." मग तुझे अण्णा, ज्यांनी जन्मात अंड्याला हात लावला नाही, कागदात गुंडाळून, वरून शालीखाली लपवून दोन अंडी घेऊन आले. परसात तीन दगड मांडून जुन्या डब्यात उकडली. सोलता येईनात, निम्मं कवचाबरोबर गेलं. मी खिडकीतून बघत होते, ते मला 'आत जा' म्हणून हात करत होते. तिनं मात्र सगळं फस्त केलं आणि डबासुद्धा चाटला. पहिल्यांदाच एवढं खाल्लं. यांनी मग अंघोळ केली, डोक्यावरून.

वाटी आता फडताळात, कुलपात. किल्ली माझ्या कमरेला.

वहिनी

मुरुम, २७ नोव्हेंबर

चि. इरम्मास अनेक आशीर्वाद.

मायना घातलाय, बघितलास ना.

विरूपाक्षाचा फोन आला होता. चांगलं बोलला. म्हणाला, मामी, आई मांजराशिवाय नीट जेवत नाही, बायकोही आता हो म्हणालीय, टाके निघाले की शेवंतीला पुण्याला न्यायला येतो. मी म्हटलं, ये. तिच्या वस्तू काय, एक बास्केट आणि एक फाटकी चादर. तेवढी धुऊन वाळत घातली.

आणि मग ती चादर दोरीवर बघून मला बसवेना. शेवंती खाली उन्हात पसरली होती, पोटाचे केस काढलेले, टाक्यांची रेघ दिसतेय, तरी ऐटीत. मी तिला उचललं. जड झालीय. म्हटलं हिला देऊन टाकायची. मग म्हटलं, नाही द्यायची. मग यांना विचारलं. ते म्हणाले, "मला इचारू नको, मागल्या डावाला मी चुकलो." असं ते कबूल करतात तेव्हा समजावं, त्यांनाही ती जायला नको आहे.

मी तुला खरं सांगते. मांजर तुझी आहे, मागशील तर देईन. आधी थोडा हट्ट करीन, पण देईन. तिच्या नावानं तुला अडवणार नाही. तू तुझ्या लेकाकडं राहतेस ते बरोबर आहे, त्याच्यावर माझा राग नाही, त्यानं तुला दोन वर्षं बोलावलं हे ऐकून उलट बरं वाटलं.

पण न्यायला विरूपाक्षाला एकट्याला पाठवू नकोस. तू ये. आणि तिला न्यायला म्हणून येऊ नकोस. ती बरी आहे, खाते, पिते, कालपासनं चिमण्यांच्या मागं लागलीय, तिच्यासाठी आता कुणी धावत यायची गरज नाही. तू मला भेटायला ये, इरम्मा. मला तुझ्याशिवाय करमत नाही. तिन्हीसांजेला दिवा लावून मागं वळते आणि कुणाशी बोलायचं ते कळत नाही.

एवढं लिहायला मला अख्खा कार्तिक लागला.

मुरुमच्या फाट्यावर उतरलीस तर हे आणायला येतील. कधी येतेस ते घरच्या फोनवर कळव. दुकानातल्या नको. मीच उचलीन.

तुझी वहिनी